बाजूला ठेवलेलं पुस्तक

शुक्रवार, रात्री

वाचनालयातून आल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही. झालं एवढंच, की मी कपाटाकडे वळायच्या आत काउंटरवरच्या मुलीने खणातून एक पुस्तक काढून पुढे केलं. "टीचर, हें तुमचेखातीर दवरलां." मी ते आधी वाचलंय का हे बघायला तिने कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. गेल्या पावसाळ्यापासूनची माझी पुस्तकं एकाखाली एक. सगळी आत्मचरित्रं, सगळी बायकांची. आणि प्रत्येकीत बाई शेवटी एकटी.

मी अशी ठरवून घेतलीच नव्हती. कधी पहिलं पान आवडलं, कधी अक्षर मोठं दिसलं, कधी नुसतं हाताला आलं. माझं मला जे दिसलं नाही ते त्या एवढ्याशा पोरीला दिसलं. राग नाही आला. उघडं पडल्यासारखं झालं.

पूर्वी पुस्तकाचं कार्ड काढून वाचकाच्या तिकिटात खोचायचे आणि तारखेप्रमाणे ट्रेमध्ये लावून ठेवायचे. पुस्तक परत केलं की कार्ड पुस्तकात, तिकीट आपल्या हातात. कोणी काय वाचलं याचा मागमूस राहत नसे. ह्यांचं तिकीट अजून घरात आहे. त्यावर रहस्यकथांशिवाय काही आलं नाही. असो.

पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात, म्हणजे राज्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, जावं असंही वाटून गेलं. 1832 पासूनचं ग्रंथालय, एवढे मजले, वर पोर्तुगीज काळातली वर्तमानपत्रं चाळणारे संशोधक. तिथे मला कोण ओळखणार? पण तिथेही कॉम्प्युटर आहेच. आणि खरं म्हणजे मला कॉम्प्युटरचं वाईट वाटलेलं नाही. त्या मुलीने तो बघून माझा विचार केला, ते सहन होत नाहीये.

इतरांच्या याद्या कशा दिसत असतील? खिडकीजवळचा तो जीपीएससीचा, म्हणजे गोवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा दार उघडताच येतो, गाईडं स्वतःची आणतो, त्याला फक्त पंखा आणि शांतता हवी असते. दिवसभर तिथे असून त्याच्या नावावर एक पुस्तक नसेल. पेपर वाचायला येणाऱ्यांची तर नोंदच नाही. बँकेतली ती शेवटचं पान आधी वाचते, रडायला लावणारं असेल तर परत ठेवते. तिचं मला आज पहिल्यांदा पटलं.

जत्रा जवळ आल्या, त्यामुळे नाटकांच्या कपाटाशी जत्रेत नाटक बसवणाऱ्या हौशी मंडळींची गर्दी होती. ही मंडळी पुस्तक कसं निवडतात ते बघत राहावं. नाटककाराचं नाव नंतर, आधी पात्रांचं पान. पुरुष किती, बायका किती. बायका दोनच निघाल्या की चेहरे खुलतात, कारण नटी बाहेरून आणायची तर पैसे पडतात. मग अंक किती, प्रवेश किती, पडदे किती बदलायचे. आज एक चांगलं नाटक त्यांनी परत ठेवलं, कारण त्यात पुरुष सातच होते. "आमी आठ जाण आसात. एकट्याक ना कशें म्हणचें?" एका माणसाचं मन राखायला अख्खं नाटक बाजूला! मी तिथेच थबकले.

ग्रंथालयशास्त्रातले मोठे जाणकार रंगनाथन, त्यांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातली दोन मी मुलांना सांगत असे: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वर्गात सांगताना ते मला कपाटं नीट लावण्याबद्दलचं वाटायचं. आज त्या मुलीने खण उघडला तेव्हा ती तेच करत होती. शेकडो पुस्तकांतून एक काढून ठेवलं, मी येईपर्यंत दुसऱ्या कोणाला दिलं नाही. ह्यांच्यानंतर माझ्यासाठी काही राखून ठेवणारं...

जेवणं झाल्यावर चाळीस पानं वाचली. पुस्तक चांगलं आहे. तिची निवड बरोबर आहे, हे मान्य करायला जड जातंय, पण आहे.

पुढच्या खेपेला तिला सांगणार आहे, ठेवत जा गं असंच. फक्त मधूनमधून एखादं नाटकही ठेव. भरपूर माणसं असलेलं.