आत्याला आणणे – ?

मंगळवार, रात्री पावणेअकरा

वहिनीनं दुपारी ग्रुपवर डोहाळजेवणाची यादी टाकली. तिच्या याद्या नेहमीच नेटक्या असतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. फुलांचे दागिने – स्वप्ना. ओटीचं सामान – मी (म्हणजे वहिनी स्वतः). पेढे, बर्फी, वाट्या – काकू. खुर्च्या – क्लबहाउसवाल्याला सांगितलं आहे. आणि सगळ्यात शेवटी: आत्याला आणणे – आणि पुढं प्रश्नचिन्ह.

तेव्हापासून ते प्रश्नचिन्ह डोक्यातून जात नाही. खुर्च्यांचीसुद्धा सोय लागली होती.

वाईट काय लिहिलंय त्यात? काहीच नाही. काळजीनंच लिहिलंय. 'आत्या, कशी येणार आहेस?' असं विचारलं असतं तर मी चटकन उत्तर दिलं असतं आणि विषय संपला असता. पण मला कुणी विचारलंच नाही. मी कशी येणार हा माझा प्रश्न राहिलेला नाही, तो इतरांनी आपसात वाटून घ्यायचा प्रश्न आहे. स्वप्नानं 'दागिने डन' असं टाकलं, काकूंनी दोन नमस्कार टाकले, माझ्या ओळीवरून सगळे हळूच पुढं सरकले. संध्याकाळपर्यंत मी इतक्या वेळा फोन उघडून बघितला की मलाच माझी लाज वाटायला लागली.

दादा असताना हा प्रश्न यायचा नाही. असो.

कोथरूडहून पिंपळे सौदागर म्हणजे काही परमुलूख नाही. आयडियल कॉलनीला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, कासारवाडीला उतरायचं, पुढं रिक्षा. सिव्हिल कोर्टला तेवढा दम लागतो. आपली गाडी वरून आलेली असते आणि पिंपरीची असते पार जमिनीच्या पोटात, शंभरेक फूट खाली. एक सरकता जिना संपला म्हणावं तर दुसरा सुरू. पण छताला झरोका ठेवलाय आणि दुपारचं ऊन त्यातून खोल खालपर्यंत उतरतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी लोकांना वाट देत कठड्याला टेकून उभीच राहिले होते. शिवाजीनगरनंतर गाडी पुन्हा वर येते आणि डोळे दिपतात. एसी मोटारीत मागच्या सीटवर बसून आलेल्या कुणाला हे माहीत आहे? विचारायलाच हवं एकदा.

बससाठी ताटकळण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, हे लिहून ठेवते. ड्रायव्हर थांब्यावर गाडी न थांबवता अंगठा मागं दाखवून निघून जातो, म्हणजे मागून रिकामी येतेय, आणि मागून काहीच येत नाही. तरी नाही. तो अंगठा सगळ्यांना सारखाच दाखवतो. माझ्या शेजारी कॉलेजची पोरं असतात, मंडईतून दोन जड पिशव्या घेऊन निघालेली बाई असते, आम्ही सगळे मिळून त्याला शिव्या घालतो आणि मोकळे होतो. (एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, शहरातल्या बसला मात्र पूर्ण. यावर मी कधीतरी वेगळं लिहिणार आहे.) रिक्षावाला मीटरनं यायला नाही म्हणतो, त्याच्याशीही भांडता येतं. प्रेमानं आणायला येणाऱ्याशी भांडायचं कसं?

खरं म्हणजे आणणं एक वेळ चालेल. नको वाटतं ते सोडणं. आत्ता लिहिता लिहिता लक्षात येतंय की मला लागलंय ते हेच, आणि ते आजचं नाहीच.

निघायची वेळ झाली की दारात सुरू होतं. 'आत्याला कोण सोडतंय?' मग दोघंतिघं एकमेकांकडं बघतात आणि त्यांच्यातला सगळ्यात भिडस्त म्हणतो, आम्हाला वाटेतच आहे. हिंजवडीला राहणाऱ्याच्या वाटेत कोथरूड कुठून येणार? पण आपण त्याच्यावर विश्वास ठेवायचा असतो. एका बाजूला बाळाची खुर्ची, मध्ये पिशव्या, दाराला चिकटून मी. 'आत्या, एसी लागत नाही ना?' लागत असतो. 'छे छे.' समोरच्या नकाशात किती मिनिटं राहिली तो आकडा तोही बघतो, मीही बघते. चांदणी चौकाच्या अलीकडं रेघ लाल झाली की मलाच अपराधी वाटायला लागतं, जणू ती मीच ओढलीय. मग काहीतरी बोलावं म्हणून मी गाडीचं कौतुक करते. 'मायलेज किती देते रे?' मला काय करायचंय त्याच्या मायलेजशी!

आणि गाडी निघेल तेव्हा आपणही निघायचं. मागच्या बारशाला नीलाताई भेटली होती, कित्येक वर्षांनी. आम्ही दोघी ताटं घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. ती तिच्या मुलाबद्दल काहीतरी सांगायला लागली होती, आवाज खाली घेऊन. इतक्यात दारातून हाक आली, 'आत्या, निघूया?' ती म्हणाली, जा जा, ते थांबलेत. ते सांगायचं राहिलंच. नंतर फोनवर विचारायचा धीर मला झाला नाही.

याच शहरात मी लूनावरून कुठं कुठं फिरलेय! वहिनीला दवाखान्यात कितीदा मागं बसवून नेलंय. तेव्हा यादीत माझ्या नावापुढं कामं असायची. जाऊ दे. रडगाणं पुरे.

रात्री साडेनवाला एकदाचं उत्तर आलं. वहिनीचे चिरंजीव म्हणतात: 'आत्याला मी आणतो. फक्त आत्या, तुझ्या गल्लीत गाडी वळत नाही गं, दोन्ही बाजूंनी पार्किंग असतं. साडेतीनला मेट्रो स्टेशनच्या खाली येऊन थांबशील का?'

मी एकटीच मोठ्यांदा हसले. मेट्रो स्टेशनच्या खाली! म्हणजे घरापासून तिथवर मी पायी जायचं, जिन्यापाशी उभं राहायचं, डोक्यावरून गाड्या जाताना ऐकायच्या आणि हा वाकडहून पौड रस्त्यापर्यंत उलटा येऊन मला उचलेपर्यंत वाट बघायची. मग दोघांनी मिळून परत तिकडंच जायचं. तेवढ्या वेळात मी कासारवाडीला उतरून रिक्षावाल्याशी घासाघीसही आटोपलेली असेन.

त्याला तरी काय बोलणार? २०१८ सालीच पेपरात आलं होतं की पुण्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या. आमच्या गल्लीत त्याचा पुरावा दोन्ही बाजूंना उभा आहे. गणपतीत हीच सगळी मंडळी मला फोन करतात. आत्या, मंडईला उतरायचं की कसब्याला? आत्या, तिकीट फोनवर निघतं का? तेव्हा मी काय टेचात सांगते! पाठ आहे मला ती लाइन. मागच्या वर्षी तर दोन कुटुंबं माझ्या मागोमाग जिन्यानं वर आली होती, पोरांचे हात धरून, आणि मी पुढं. तेव्हा मला कोण आणत होतं?

आता हेही खोटं नको लिहायला की मला कुणाची गाडी नकोच असते. रात्री नऊनंतर, पाऊस असेल तर, गुडघ्याचं ते सुरू असेल तर, 'चल सोडतो' हे शब्द ऐकायला बरं वाटतं. फार बरं वाटतं. म्हणून तर राग येतो.

शेवटी त्याला लिहिलं: 'येताना मी माझी येईन, तू थेट तिकडं जा आणि फुलं कोमेजायच्या आत पोचव. रात्री मात्र सोड. पण निघायचं मी म्हणेन तेव्हा, नीलाताई येणार आहे.' शेवटचं वाक्य दोनदा वाचलं, जरा जास्तच ठणकावल्यासारखं वाटलं, तरी तसंच पाठवलं. त्यानं लगेच अंगठा टाकला. वर 'हुकूम' असंही लिहिलं, मेला.

वहिनीचं आता नवीनच, सगळ्या बायकांनी नऊवारी नेसायची. सिव्हिल कोर्टचे जिने बघता आपली पाचवारीच बरी. पदराला पिन लावायची आणि पायात सपाट चप्पल. ओटीच्या नारळाची पिशवी कुणी माझ्याकडं दिली नाही, तेवढं एक बरं झालं.