आई-वडिलांचा ब्लॉक

शाळेच्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सांगितलं, की मधली सुट्टी, चिंचा-बोरं आणि पट्टीचा मार यांवर भरपूर लेख आले आहेत, तू आपला धंद्याचं लिही. बरं झालं. डोंबिवलीत इस्टेट एजंट असलेल्या माणसाकडे शाळेतले जुने चेहरे हल्ली एकाच कामासाठी येतात: आई-वडिलांचा ब्लॉक. वडील गेलेले असतात, आई पुण्याला मुलीकडे नाहीतर बंगळूरला मुलाकडे असते आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, बिनलिफ्टच्या तीन मजली इमारतीतला वन रूम किचन कुलूपबंद असतो. विकायचा, भाड्याने द्यायचा की रिडेव्हलपमेंटची वाट बघायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याआधीची कामं मात्र सगळ्यांची सारखीच, आणि बहुतेकांची राहून गेलेली असतात.

पहिलं काम कपाटातली फाइल. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची चालू पावती, लाइट बिल. ब्लॉक वडिलांनी दुसऱ्याकडून घेतला असेल तर बिल्डर आणि पहिला मालक यांच्यातला करारही लागतो. ही साखळी मध्ये कुठे तुटली की गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील कर्ज अडवतो. जुना करार पाच-दहा रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर बघून लोक घाबरतात. आधी तारीख बघा. १० डिसेंबर १९८५ पासून विक्रीच्या कराराच्या टप्प्यावरच पूर्ण मुद्रांक शुल्क लागू झालं. त्याआधीच्या करारावर कमी स्टॅम्प असणं हा दोष नाही. त्यानंतरचा असूनही शुल्क कमी भरलेलं असेल, तर थकलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्क्यांनी दंड चढत गेलेला असतो. तो हिशेब गिऱ्हाईक यायच्या आधी करून ठेवावा, समोर बसल्यावर नाही.

दुसरं, नॉमिनी म्हणजे मालक, हा सगळ्यात चिवट गैरसमज. नॉमिनी हा विश्वस्त. वडिलांच्या नावचं सर्टिफिकेट सोसायटीने आईच्या नावावर केलं, तरी मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी दोघांचे हिस्से जागच्या जागी राहतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचाही. ‘ती कुठे मागतेय’ हे खरेदीदाराच्या वकिलाला चालत नाही, त्याला नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. बहीण अमेरिकेत असेल तर मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का, घेऊन पाठवायचं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथला मुद्रांक भरायचा. यात बिघडतं ते बहुधा मजकुरात. ‘माझी सर्व कामे पाहण्यास’ असं मोघम लिहून भागत नाही. ब्लॉक नंबर, इमारत, करारावर सही करणं, निबंधकासमोर हजर राहणं, रक्कम स्वीकारणं हे सगळं वेगवेगळं लिहावं लागतं. आणि आईने दिलेलं मुखत्यारपत्र आई असेपर्यंतच. नंतर त्याच्यावर केलेली सही कुचकामी.

वारसांच्या नावावर हस्तांतर करताना सोसायटीला प्रीमियम, म्हणजे हस्तांतरापोटीची रक्कम, घेता येत नाही. बाहेरच्याला विकताना महापालिका हद्दीत जास्तीत जास्त पंचवीस हजार, हे ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकापासून ठरलेलं आहे. त्यापुढची रक्कम ‘देणगी’ म्हणून मागतात. ती द्यायची की नाही हे तुमच्या घाईवर ठरतं, नियमावर नाही, हे कटू असलं तरी खरं.

आता माप. क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी हे आपण शाळेतच शिकलो, पण लांबी कुठून कुठपर्यंत धरायची यावरच सगळे वाद होतात. जुन्या करारात बहुतेक बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट, लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक विचारतं कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं. पाच मीटरची स्टीलची टेप घ्यावी, प्लास्टर ते प्लास्टर धरावी, आणि कमरेच्या उंचीवर. खाली स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाची पट्टी, दोन्ही बाजूंनी अर्धा-पाऊण इंच खातं, आणि जुन्या भिंती ओळंब्यात असतीलच असं नाही. कपाट आडवं येत असेल तर भिंतीचे तुकडे मोजून बेरीज करावी, कपाटाच्या दारापासून माप घेऊ नये. समजा, बाहेरची खोली १४ बाय १०, स्वयंपाकघर १० बाय ८, संडास-न्हाणी आणि मधला बोळ मिळून ४०. एकूण २६० चौरस फूट, म्हणजे २४.१५ चौरस मीटर. करारात याच ब्लॉकचे ३२५ बिल्टअप असतात. दोन्ही आकडे खरेच, पण जाहिरातीत ३२५ आणि तोंडी कार्पेटचा भाव, असं केलं की बोलणी तिथेच फिसकटतात. ग्रिल लावून आत घेतलेली गॅलरी कार्पेटमध्ये मोजू नका. बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या रेरा कायद्यातल्या व्याख्येतही बाल्कनी बाहेर, आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र आत.

घर बंद असेल तर कागदांइतकीच त्याची देखभाल महत्त्वाची. न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी साठून असतं आणि तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. उन्हाळ्यात महिना-दीड महिन्यात ते आटतं. मग दार उघडल्या उघडल्या जो भपकारा येतो, त्यात घर बघायला आलेलं जोडपं उंबऱ्यावरूनच परत फिरतं. जाताना प्रत्येक जाळीत आणि कमोडमध्ये तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे गोडंतेल ओतावं. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. पाण्याचा मेन कॉक बंद करावा, टाकीचा बॉलकॉक अडकला तर खालच्यांच्या छतातून बातमी येते. लाइट बिल ऑटो-पेला टाकावं, थकलं की महावितरण मीटर काढून नेतं आणि नव्या जोडणीत महिना जातो. गॅलरीला कबुतरांची जाळी. आणि चावी कुणाकडे ठेवाल तिला पत्त्याचं लेबल लावू नका. दुकानात आमच्याकडे चावीवर फक्त आकडा असतो आणि आकड्यांची वही वेगळ्या कपाटात.

गळती बघायची तर जुलैत, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर. आपल्या न्हाणीची गळती आपल्या घरात दिसत नाही, खालच्यांच्या स्लॅबवर दिसते. म्हणून खालच्यांकडे चहा घ्यावा. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या भेगा रंगाखाली जातात. कॉलमच्या कोपऱ्यालगत उभी, सरळ रेषेत गेलेली भेग मात्र आतली सळई गंजून फुगल्याची. तिथे पुट्टी भरून रंग मारून घर दाखवणं मला तरी पटत नाही. गिऱ्हाइकाने वास्तुशास्त्रवाला आणला तर आणू दे, पण त्याच्या आधी प्लंबर आणि मग स्ट्रक्चरल इंजिनीअर आणावा.

भाड्याने द्यायचा तर ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स (घर वापरायला देण्याचा हा करार) कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदवलेलंच हवं, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवलं नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. खर्चाच्या भीतीने लोक टाळतात, तो खर्च तरी बघा. भाडं पंधरा हजार, अनामत पन्नास हजार, मुदत अकरा महिने. भाडं १,६५,०००, अनामतीवर दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज ४,५८३. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे सुमारे ४२४ रुपये मुद्रांक. शहरी भागात नोंदणी फी हजार. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होतं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क लावेल, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नाही, आणि पालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नाहीत. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायला विसरू नका.

रिडेव्हलपमेंटची वाट बघणाऱ्यांना एवढंच, की सोसायटीच्या सभेची नोटीस तुमच्या नोंदलेल्या पत्त्यावर जाते. तो पत्ता म्हणजे तोच बंद ब्लॉक. सचिवांकडे ईमेल लेखी नोंदवा. नाव लागलेलं नसलेल्या वारसाला सभेत मत नाही, तेव्हा वर लिहिलेलं हस्तांतर आधी उरका. जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतर, सोसायटीच्या नावावर नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर करून देत नसेल तर सरकारमार्फत होणाऱ्या हस्तांतराचा) अर्ज आधी, बिल्डरचं सादरीकरण नंतर. ब्लॉक विकून गावातच नव्या इमारतीत घ्यायचं असेल तर इथल्या ६५ इमारतींचं प्रकरण डोळ्यांसमोर ठेवा. पालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेराचे (राज्यातल्या रेरा प्राधिकरणाचे) क्रमांक मिळवले गेले होते, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. नुसता रेरा क्रमांक बघून थांबू नका, बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन खात्री करा. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला दहा टक्क्यांवर एक रुपया देऊ नका, तो कायद्यानेच मागू शकत नाही.

एजंटाचं म्हणाल तर नव्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्याला महारेराची नोंदणी सक्तीची आहे आणि २०२३ पासून त्यासाठी परीक्षाही द्यावी लागते. जुन्या इमारतीतल्या रीसेलला ती लागत नाही, म्हणून तिथे माणूस पारखूनच घ्यावा लागतो. दलाली विक्रीत साधारण एक ते दोन टक्के, भाड्यात एक महिना. किती आणि कधी हे घर दाखवायच्या आधी बोलून घ्यावं. घर पसंत पडलं की दलाल नकोसा होतो, हा जगाचा नियम आहे आणि आम्ही तो धरूनच चालतो. रविवारी घरं दाखवता दाखवता जेवणं चार वाजता होतात, त्याचं मात्र घरच्यांना अजून सोयरसुतक आहे.

टोकन कितीही लहान असो, पावतीवर एकूण किंमत, कार्पेट, करार किती दिवसांत, सोसायटीची थकबाकी आणि हस्तांतर शुल्क कोणाचं, आणि कर्ज नाकारलं तर टोकन परत की जप्त, हे लिहून घ्या. निम्मी भांडणं या शेवटच्या ओळीवरून होतात. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर खरेदीदार एक टक्का आयकर कापून भरतो. विकणारा परदेशस्थ असेल तर ही सोय नाही. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी काढलं नाही, तर पूर्ण किमतीवर मोठी कपात होते आणि परताव्यासाठी विवरणपत्र भरून वाट बघावी लागते. ब्लॉक २००१ च्या आधीचा असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्या, वडिलांनी दिलेल्या पंचवीस-तीस हजारांवर नफा मोजू नका.

ताबा देताना मीटरचं रीडिंग दोघांच्या समोर फोटो काढून ठेवा. वीज, मालमत्ता कर आणि गॅस या तिन्हींच्या नावबदलाच्या अर्जांवर त्याच बैठकीत सह्या करा. गॅसचं पुस्तक हमखास आईच्या देव्हाऱ्याखालच्या खणात सापडतं.