त्यांना ब्लॉक केलं नाही, म्हणून तुम्हालाही ब्लॉक?

मी मास्टोडॉन या, अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून चालणाऱ्या सोशल नेटवर्कवर असते आणि तिथल्या एका छोट्या सर्व्हरच्या मॉडरेशनला हातभार लावते, हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. ‘माझे कितीतरी फॉलोअर एकदम गेले. चौकशी केली, तर दुसऱ्या एका सर्व्हरने आमचा अख्खा सर्व्हर ब्लॉक केलाय. कारण काय, तर आमच्या अ‍ॅडमिनने कुठल्याशा तिसऱ्या सर्व्हरला ब्लॉक केलं नाही. यात माझं काय चुकलं?’

तुमचं काहीच चुकलेलं नाही. तरीही मी अख्खा सर्व्हर ब्लॉक करण्याच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यांशीच संबंध तोडण्याच्या, विरोधात नाही. ते हत्यार नसतं तर हे जाळं केव्हाच राहण्याजोगं उरलं नसतं.

मास्टोडॉन 2016 मध्ये सुरू झालं. 2018 च्या जानेवारीत डब्ल्यू3सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने अ‍ॅक्टिव्हिटीपबला मानक म्हणून मान्यता दिली आणि वेगवेगळ्या सर्व्हरांना, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलायला ही सामायिक भाषा मिळाली. इथे सगळ्यांवर नजर ठेवणारी एक कंपनी नाही. प्रत्येक सर्व्हरचा अ‍ॅडमिन आपल्यापुरता मालक, आणि बहुतेक जण हे काम आपला नोकरीधंदा सांभाळून, फुकट करतात. एखाद्या सर्व्हरवर छळ करणाऱ्यांना मोकळं रान असेल, तर त्यांना एकेक करून ब्लॉक करण्यात काही अर्थ नसतो. एक खातं बंद केलं की चार नवी उघडतात. मग दारच बंद करावं लागतं. 2019 च्या जुलैमध्ये गॅब हे अतिउजव्यांमध्ये लोकप्रिय असलेलं सोशल नेटवर्क मास्टोडॉनच्या कोडवर आलं. आदल्या वर्षी अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गोळीबार करणारा माणूस त्याआधी याच गॅबवर लिहीत होता. कोड मुक्त परवान्याचा, त्यामुळे तो वापरायला कोणी अडवू शकत नव्हतं. पण संबंध न ठेवायला प्रत्येक जण मोकळा होता. असंख्य सर्व्हरांनी गॅबला ब्लॉक केलं, काही मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्यांनीही दार लावून घेतलं. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो.

माझा विरोध सुरू होतो तो याच्या पुढच्या पायरीवर. 2023 मध्ये फेसबुकवाल्या मेटाने थ्रेड्स हे सोशल नेटवर्क आणलं आणि ते फेडिवर्सला, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या या सर्व्हरांच्या जाळ्याला, जोडणार असं जाहीर केलं. तेव्हा अनेक अ‍ॅडमिननी थ्रेड्सला ब्लॉक करण्याची जाहीर शपथ घेतली. तो त्यांचा हक्कच होता. पण त्यातले काही जण आणखी पुढे गेले. जो सर्व्हर थ्रेड्सला ब्लॉक करणार नाही त्यालाही आम्ही तोडू, असं म्हणू लागले. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असा हा हिशेब.

या हिशेबामागची भीती मात्र खोटी नाही, म्हणून ती नीट पाहू. समजा तुमचा सर्व्हर ‘अ’, शेजारचा ‘ब’, आणि तुम्ही ब्लॉक केलेला वाईट सर्व्हर ‘क’. ‘ब’वरच्या कोणी ‘क’ची पोस्ट बूस्ट केली, म्हणजे आपल्या फॉलोअरना पुढे पाठवली, तरी ती तुमच्यापर्यंत येत नाही, तुमचा सर्व्हर ती नाकारतो. म्हणजे ‘ब’मार्फत घाण आमच्या घरात येईल, ही तक्रार बहुतांशी टिकत नाही. उलट्या दिशेला मात्र गळती आहे. तुमची पोस्ट ‘ब’वर कोणी बूस्ट केली, की ‘क’वरच्या लोकांना तिचा पत्ता लागतो. तुमच्या सर्व्हरवर ‘ऑथराइज्ड फेच’ची, म्हणजे पोस्ट मागणारा सर्व्हर कोण हे तपासण्याची, सोय चालू नसेल, तर ‘क’ ती पोस्ट ओढून घेऊ शकतो. आणि मग ‘क’वरचे लोक तिच्याखाली जे काही लिहितात ते ‘ब’वर दिसू शकतं, तुम्हाला दिसत नाही. ज्याच्याविषयी गलिच्छ बोललं जातंय तोच एकटा अंधारात राहतो. ज्यांच्या मागे टोळ्या लागतात, त्यांच्यासाठी हा धोका जिवावरचा असू शकतो. असा माणूस ‘ब’लाही नको म्हणत असेल, तर त्याला संकुचित म्हणण्याचा अधिकार मला नाही.

पण मग प्रश्न विचारायचा तो ‘ब’ काय करतो याचा. तक्रार पाठवली तर तिथे कोणी वाचतं का? छळणाऱ्याचं खातं बंद होतं का? ‘ब’ने कोणाला ब्लॉक केलं नाही, एवढ्यावरून ‘ब’वरच्या माणसांबद्दल काहीही ठरत नाही. अनेकदा अ‍ॅडमिनला त्या तिसऱ्या सर्व्हरचं नावही ठाऊक नसतं.

हे सगळं बिघडतं ते आयत्या याद्यांमुळे. नवा अ‍ॅडमिन येतो, कोणीतरी बनवलेली ब्लॉक करायच्या सर्व्हरांची यादी उतरवून घेतो आणि एका झटक्यात लागू करतो. त्याची अडचण मला समजते, पहिल्या दिवशी त्याला दुसरा आधार नसतो. काही याद्या असं ठरवतात, की ठरावीक विश्वासू सर्व्हरांपैकी इतक्यांनी ब्लॉक केलं असेल तर नाव घ्यायचं. ऐकायला हे बहुमतासारखं वाटतं. पण त्या विश्वासू सर्व्हरांनीही एकमेकांच्या याद्या उतरवलेल्या असतील, तर एकाच माणसाचा एकच आरोप पाच वेळा मोजला जातो. आरोपाचं मूळ शोधायला गेलात तर एखादी खोडलेली पोस्ट सापडते, किंवा तीही नाही. आणि नाव यादीत शिरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कैक पट वेळ ते बाहेर पडायला लागतो, कारण यादी उतरवलेल्या प्रत्येकाला गाठावं लागतं.

ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कवर रचना वेगळी आहे. तिथे ब्लॉकच्या याद्या आणि खात्यांवर-पोस्टवर इशारा चिकटवणारी लेबलं वापरणारा स्वतः निवडतो. तरी कोणाच्या संगतीमुळे कोणाला यादीत टाकायचं, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. फक्त तो अ‍ॅडमिनकडून प्रत्येकाच्या हातात आलाय.

आता तुमच्यापुरतं. मास्टोडॉनवर सर्व्हरचा पूर्ण संबंध तोडला की दोन्ही बाजूंचं फॉलो करणं पुसलं जातं, आणि निर्णय मागे घेतला तरी ते आपोआप परत येत नाही. 4.3 या आवृत्तीपासून ब्लॉक करणाऱ्या सर्व्हरवरच्या लोकांना निदान सूचना येते आणि तुटलेल्या नात्यांची यादी उतरवता येते. तुम्ही दुसऱ्या बाजूला असल्यामुळे त्या सूचनेवर विसंबू नका. समोरच्या सर्व्हरच्या माहितीपानावर ब्लॉकची यादी आणि कारण असेल तर ते वाचा, तुमच्या अ‍ॅडमिनला दाखवा, त्यालाच समोरच्या अ‍ॅडमिनशी बोलू द्या. तुम्ही शंभर जणांनी मिळून त्या समोरच्याला जाब विचारलात, तर त्याने तुमच्याबद्दल जे गृहीत धरलं तेच खरं ठरेल. बोलून भागलं नाही तर खातं हलवा. उरलेले फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मागेच राहतात.

अ‍ॅडमिन मंडळींकडे माझी मागणी आहे. तोडण्याआधी निव्वळ मर्यादित करण्याचा पर्याय वापरून पाहा. त्यात तो सर्व्हर सार्वजनिक टाइमलाइनवर दिसत नाही, पण आधीपासून एकमेकांना फॉलो करणाऱ्यांचं बोलणं चालू राहतं. तोडायचंच असेल आणि तातडीचा धोका नसेल, तर आपल्या लोकांना काही दिवस आधी सांगा. कारण लिहा, पुरावा तुम्ही स्वतः पाहिलाय की यादीतून घेतलाय तेही लिहा, आणि हा निर्णय पुन्हा कधी तपासणार ती तारीख टाका.