रकाने खोडले: मकिओका बहिणींची वही

काल रात्री साडेअकराला 'सासामेयुकी' संपली. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकींची, मकिओका घराण्यातल्या चार बहिणींवरची ही कादंबरी मी सायडनस्टिकरांच्या इंग्रजी भाषांतरातून वाचत होते, अडीच महिने लागले. मागच्या नोंदीत मी कुरकुर केली होती की सुरुवातीला काही घडतच नाही. शब्द मागे घेते. घडतं, पण मानेला पावडर लावताना, एकमेकींना ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं टोचताना. १९४३ मध्ये मासिकात क्रमशः यायला लागली तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांनी ती बंद पाडली. युद्ध चालू असताना बायकांच्या नटण्यामुरडण्याचं एवढं कौतुक त्यांना खपलं नाही. सगळी छापून यायला युद्ध संपावं लागलं.

वहीत मी आधीच दोन रकाने पाडले होते: 'बंडखोर' आणि 'सोसणारी'. धाकटी ताएको पहिल्यात. बाहुल्या करून विकते, कामासाठी वेगळी खोली घेते, शिवण शिकते, फ्रान्सला जायचे बेत करते. तिशीतही लग्न न झालेली युकिको दुसऱ्यात. तिसऱ्या भागापर्यंत दोन्ही रकान्यांवर काट मारावी लागली.

आधी ताएको. जुलै १९३८ च्या कोबेच्या पुरात ती शिवणाच्या शाळेत अडकते. फोटोग्राफर इताकुरा जिवावर उदार होऊन पाण्यात उतरतो. तिच्यावर जीव टाकणारा श्रीमंत ओकुबाता मात्र परीटघडीचे कपडे सांभाळत चौकशी करून जातो. ताएकोचं मन तिथंच फिरतं. इथं मी समासात दोन उद्गारचिन्हं काढली होती. पुढे ओकुबाताकडची म्हातारी बाई सांगते की कपड्यालत्त्यापासून खाण्यापिण्यापर्यंत ताएको त्याच्याच पैशावर मजेत होती. उद्गारचिन्हं तशीच ठेवलीत, शेजारी एक प्रश्नचिन्ह आलंय.

आणि युकिको! दाखवण्याच्या कार्यक्रमाला मान खाली घालून बसणार, विचारलं तर 'हं' म्हणणार. नोमुरा नावाचं स्थळ तिला घरी नेऊन गेलेल्या बायकोचे नि मुलांचे फोटो दाखवतं. परत आल्यावर ती नाही म्हणते, विषय संपला. हाशिदेरांचं स्थळ चांगलं असतं. ते फोन करून फिरायला चलता का विचारतात. ही आधी कितीतरी वेळ फोनवरच येत नाही, आली तर चाचरत नकार देते. ते भडकतात आणि स्थळ हातचं जातं. मी पुस्तक मिटून चहा करायला उठले, इतकी चिडले होते. हे बळ की नुसतं बुजरेपण? तानिझाकी काही ठरवून देत नाहीत. पण वर्षानुवर्षं सगळं घर हिच्या एका न बोललेल्या 'नाही'भोवती धावतं, हे मात्र खरं.

वर्तमानपत्राचा प्रसंग सगळ्यांनी वाचाच. ताएको ओकुबाताबरोबर पळून जाते आणि छापून येतं युकिकोचं नाव! थोरला मेव्हणा दुरुस्ती मागतो, मग ताएकोचंही नाव छापलं जातं. एकीचा डाग पुसायला गेला, दोघींना लागला.

शेवट असा की लग्नासाठी तोक्योच्या गाडीत बसलेल्या युकिकोचे जुलाब थांबत नाहीत. बस, संपलं पुस्तक. मी पुढचं पान शोधत होते.

आता फुमिको एन्चींची 'ओन्नाझाका' ही कादंबरी हातात आहे. नवऱ्यासाठी रखेल शोधायला तोमो स्वतः तोक्योला आलीय, सोबत मुलगी एत्सुको. मकिओकांपैकी दुसऱ्या बहिणीची, साचिकोची मुलगीही एत्सुकोच, त्यामुळे वहीत आत्ताच गोंधळ झालाय.