दोन मिनिटांचा आवाज

दुपारची जेवणे आटोपली की मेथीची जुडी घेऊन निवडायला बसायचे आणि शेजारी फोनवर कुणाचे तरी बोलणे लावून ठेवायचे, ही माझी जुनी सवय आहे. परवा अशाच एका दुपारी ग्लिन वॉशिंग्टन या अमेरिकी निवेदकाचा ‘स्नॅप जजमेंट’ हा कार्यक्रम लागला होता. हा गृहस्थ गोष्ट सांगता सांगता वाक्याच्या मध्येच असा काही थांबतो की हातातली काडी हातातच राहते. मागे संगीताचा ठेका चालू असतो, आपण मनातल्या मनात ‘पुढे?’ असे विचारतो आणि तो मात्र सावकाश, आपल्याला हवे तेव्हाच पुढचा शब्द टाकतो. असा माणूस रेडिओच्या नेहमीच्या दारातून आत आला असेल, असे काही मला वाटेना. याला निवडला तरी कोणी, असा प्रश्न पडला आणि मेथी तशीच टाकून मी त्याच्या मागे लागले.

त्याला निवडला होता ऐकणाऱ्यांनी. २००७ साली पब्लिक रेडिओ एक्स्चेंज या संस्थेने ‘पब्लिक रेडिओ टॅलेंट क्वेस्ट’ नावाची एक स्पर्धा घेतली होती. तिकडचा सार्वजनिक रेडिओ जाहिरातींच्या धंद्यावर चालत नाही. श्रोत्यांची वर्गणी, देणगीदार, प्रायोजक आणि थोडा सरकारी पैसा यांवर तेव्हा त्याचा संसार चाले. त्याच्या निवेदकांचे आणि श्रोत्यांचेही वय वाढत चालले होते, आणि नवे आवाज आणायचे कोठून ही काळजी होती. म्हणून हाक दिली गेली की ज्याला आपण निवेदक होऊ शकतो असे वाटते, त्याने दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण पाठवावे. १,४०० हून अधिक लोकांनी ते पाठवले. ती ध्वनिमुद्रणे सर्वांना ऐकायला खुली होती. लोकांनी ती ऐकली, गुण दिले, शेरे मारले, मते दिली. जोडीला जाणते परीक्षकही होते. फेऱ्यांमागून फेऱ्या होत अखेरीस तिघे उरले: ग्लिन वॉशिंग्टन, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा मंचावर कविता म्हणणारा अल लेट्सन, जो एके काळी विमानात प्रवाशांची सरबराई करण्याची नोकरी करत असे, आणि श्रद्धा-अंधश्रद्धांची चिकित्सा करणारी रिबेका वॉटसन.

सगळीच्या सगळी दोन-दोन मिनिटे एका दमात ऐकायची म्हटली, तर सेहेचाळीस तासांहून जास्त वेळ लागेल, तेव्हा इतके कोणी ऐकले नसणार हे उघड आहे. कुणी पहिल्या वाक्यालाच बाद झाला असेल, कुणी नुसत्या खाकरण्यामुळे. मला त्या मते देणाऱ्यांचेच अधिक कुतूहल वाटते. एरवी रेडिओ ऐकणारा माणूस दाढी करत असतो, गाडी चालवत असतो, कणीक मळत असतो. आवाज त्याच्या कानावर पडत राहतो आणि आवडला की नाही हे त्याचे त्यालाही महिनोन्‌महिने कळत नाही. त्याच माणसाला हातातले काम बाजूला ठेवून, ताठ बसून, ‘आता सांगा, हा आवाज कसा वाटला?’ असे विचारले की तो वेगळ्याच कानांनी ऐकू लागतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात घटकाभर समोर बसलेल्या मुलाचा रुबाब, चहाचा कप धरण्याची ढब आणि उत्तरांतला चटपटीतपणा डोळ्यांत भरतो, पण तो रोज सकाळी उठल्यावर कसा बोलेल हे काही कळत नाही, तशातला हा प्रकार आहे. रेडिओच्या निवेदकाशी खरी गाठ पडते ती सकाळी उठल्यावरच.

आमच्या घरी आवाजांची परीक्षा रोज चाले आणि परीक्षक कायम दोघे असत. आजोबा संस्कृतचे निवृत्त शिक्षक होते. सकाळी सातला पाच कमी असताना ‘इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्’ हे शब्द आले, की ते वर्तमानपत्र मांडीवर पालथे ठेवून डोळे मिटत. बलदेवानंद सागर यांच्या उच्चारांवर त्यांना कधी बोट ठेवता आले नाही आणि याचे त्यांना समाधान वाटे की वैषम्य, हे मला शेवटपर्यंत समजले नाही. सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या लागत आणि ‘सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहे’ हे वाक्य ऐकू आले की आजोबांचा चेहरा प्रसन्न होई. त्यांच्या जागी एखाद्या दिवशी नवखा माणूस आला, तर मात्र त्याची खैर नसे. ‘ष आणि श यांतला फरक याला घरी कोणी शिकवलेला दिसत नाही,’ हा त्यांचा ठरलेला शेरा असे. एकाने ‘आणि’ऐवजी ‘आनि’ म्हटले त्या सकाळी आजोबांनी दुसरा चहा घेतला नाही.

आजीचे माप निराळे होते. तिला श-ष, न-ण यांच्याशी कर्तव्य नव्हते. ती चुलीजवळून, आमटीत कोकम टाकता टाकता निकाल देई. ‘हा रात्री नीट झोपलेला नाही.’ ‘हिच्या घरी कुणाचे तरी दुखणे आहे, आवाजावरून कळते.’ एका फार घुमवून बोलणाऱ्या उद्घोषकाबद्दल तिने, ‘हा बायकोशीही असाच बोलत असेल तर कठीण आहे बाई,’ असे म्हटले होते आणि त्यानंतर तो बोलू लागला की आम्हा मुलांना हसू आवरत नसे. या निकालांचा कोणालाच उपयोग नव्हता. मत पाठवायची सोय नव्हती. आजीने नापास केलेला उद्घोषक दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तितक्याच घुमवून हजर होई. पण गंमत अशी की तोच पुढे काही दिवस लागला नाही तेव्हा ‘रजेवर असेल का हो तो?’ असे तिनेच आजोबांना विचारले. आजोबांनी तो नाही हे सुटकेचे मानले होते, तरी उत्तर देताना त्यांनी, ‘पावसामुळे पडसे झाले असेल,’ असे म्हणून त्याची बाजू सांभाळली.

त्या काळी श्रोत्यांचा कौल घेतला जाई तो गाण्यांचा. अमीन सयानींची गीतमाला १९५२ साली रेडिओ सिलोनवरून सुरू झाली आणि गावोगावचे श्रोता संघ आपली पसंती कळवू लागले. कुठले गाणे वर चढले आणि कुठले घसरले यावर चाळीच्या जिन्यात भांडणे होत. ‘बहनों और भाइयों’ म्हणणाऱ्या त्या माणसाला मात्र कोणी मत देऊन तिथे बसवले नव्हते, आणि त्याला तिथून उठवावे असेही कुणाच्या मनात आले नसावे. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले, त्या दिवशी ज्यांची त्यांच्याशी कधी भेट झालेली नव्हती अशा कितीजणांनी एकमेकांना फोन केले. (अमिताभ बच्चन आणि आकाशवाणीच्या चाचणीची गोष्ट इथे यायला हवी, पण ती आता इतकी गुळगुळीत झाली आहे की मी तिला हात लावत नाही.)

आवाजाची चाचणी म्हणजे काय असते ते मला कळले आमच्या मावशीकडून. ती एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होण्यासाठी गेली होती. एका खोलीत तिला एकटीला बसवले. परीक्षक काचेपलीकडच्या खोलीत, त्यांना फक्त आवाज ऐकू जाणार. हातात कागद दिला, त्यावर जोडाक्षरांनी खच्चून भरलेला उतारा आणि परदेशी नावांची यादी. मावशी सांगते की त्या खोलीत इतकी शांतता होती की स्वतःचा आवंढा गिळल्याचे तिला ऐकू आले आणि तोही मोजला जाईल की काय अशी भीती वाटली. ती उत्तीर्ण झाली आणि शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बाजारभाव वाचू लागली. तिच्या गावातल्या एका अडत्याने तिला भर लग्नात सांगितले, ‘ताई, तुम्ही वाचलेत की कांद्याचा भाव उतरल्यासारखा वाटतो, त्या दुसऱ्या साहेबांना सांगा ना वाचायला.’ काचेमागे बसलेल्या तज्ज्ञांच्या गुणपत्रिकेत या शेऱ्यासाठी रकाना नव्हता.

अडत्याचा शेरा हसण्यावारी नेता येतो, पण श्रोत्यांचे सगळेच शेरे इतके निरागस नसतात. अमेरिकेतल्या नॅशनल पब्लिक रेडिओवर १९७२ साली सूझन स्टॅमबर्ग संध्याकाळच्या ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’ या वार्तापत्राच्या निवेदक झाल्या. रोजचे राष्ट्रीय वार्तापत्र सांगणाऱ्या तिथल्या त्या पहिल्या स्त्री. बाईच्या आवाजाला बातमीचे वजन पेलेल का, तिच्या बोलण्यात न्यूयॉर्क फार डोकावते, अशा कुरबुरी ठिकठिकाणच्या केंद्रांकडून झाल्या. तिथल्या कार्यक्रम विभागाचे प्रमुख बिल सीमरिंग यांनी मात्र ‘तू जशी आहेस तशीच बोल’ एवढेच त्यांना सांगितले. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे उलटली तरी कुरबूर संपली नाही. २०१५ साली ‘धिस अमेरिकन लाइफ’च्या आयरा ग्लास यांनी आपल्याच कार्यक्रमात सांगितले की तरुण वार्ताहर मुलींचा आवाज वाक्याच्या शेवटी घसा घासल्यासारखा चिरकतो, तो असह्य होतो, अशी पत्रे त्यांना सतत येतात, आणि स्वतः ग्लास यांचा आवाज तसाच चिरकत असताना त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. त्याच वर्षी चेंजेराई कुमन्यिका या कृष्णवर्णीय अध्यापकांनी लिहिले की रेडिओसाठी स्वतःचीच संहिता वाचताना त्यांच्या डोक्यात भलत्याच, गोऱ्या निवेदकाचा आवाज घुमत होता. इतकी वर्षे एकाच घाटाचे आवाज ऐकून ऐकून ‘चांगला आवाज’ म्हणजे तोच, असे बोलणाऱ्याच्याही मनात बसते.

मी या बाबतीत फार उदार आहे, असे कोणी समजू नये. बातमी सांगताना गालात हसणारा निवेदक मला चालत नाही. पाहुण्याला विचारायचा प्रश्न स्वतःच इतका लांबवणारा, की पाहुण्याला शेवटी फक्त ‘हो’ म्हणता यावे, तोही चालत नाही. आणि खासगी वाहिन्यांवरचे ते सकाळी सातलाच अंगात आल्यासारखे ओरडणारे उत्साही जीव तर माझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ शकत नाहीत. त्या स्पर्धेत मला बसवले असते, तर मी कितीजणांना पहिल्या दहा सेकंदांत घरी पाठवले असते कोण जाणे, आणि त्यांत डायन रेहम नक्की असत्या. वॉशिंग्टन शहरातल्या या मुलाखतकार बाईंच्या स्वरयंत्राच्या स्नायूंना पेटके येण्याचा विकार जडला आणि १९९८ मध्ये त्याचे निदान झाले. शब्द ताणला जातो, थरथरतो, घशात अडकतो आणि कसाबसा सुटतो. प्रथम ऐकणाऱ्याला वाटते की यांना पाणी तरी द्या कोणी. त्यानंतरही २०१६ च्या डिसेंबरपर्यंत त्यांनी आपला कार्यक्रम चालवला आणि श्रोते त्यांच्यासोबत राहिले, कारण त्या हळू बोलत असल्यामुळे समोरच्याला नीट विचार करून उत्तर द्यावे लागे. दोन मिनिटांच्या नमुन्यात त्यांचा निभाव लागला नसता. त्यांच्याशी जमायला काही आठवडे द्यावे लागत.

आणि तरीही त्या दोन मिनिटांच्या परीक्षेतून ग्लिन वॉशिंग्टन आणि अल लेट्सन बाहेर पडले, हे मला नीटसे उलगडलेले नाही. माझ्या सगळ्या तर्कानुसार तिथे चटपटीत, गोड, सफाईदार माणसे जिंकायला हवी होती. जिंकलेल्या तिघांपैकी दोघे कृष्णवर्णीय, तिसरी स्त्री. रेडिओच्या कचेरीत रीतसर अर्ज मागवून मुलाखती घेतल्या असत्या तर हीच तीन नावे निघाली असती, असे मला वाटत नाही. वॉशिंग्टनचा कार्यक्रम २०१० मध्ये देशभर सुरू झाला. लेट्सन एकेका शहरात जाऊन तिथल्या माणसांच्या गोष्टी सांगू लागला आणि पुढे ‘रिव्हील’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाचा निवेदक झाला. अजूनही त्याचा आवाज ऐकला की हा माणूस खोटे बोलणार नाही, असे वाटते, आजी असती तर तिने काय म्हटले असते कोण जाणे. रिबेका वॉटसनचा नमुना-भाग तयार झाला, पण त्याची मालिका झाली नाही. तिचे काम इंटरनेटवर चालू राहिले. मते तिलाही मिळाली होती.

नुसत्या मतांनी कार्यक्रम उभा राहत नाही, त्याला पैसा लागतो, आणि या स्पर्धेमागचा पैसा होता कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग या संस्थेचा. १९६७ च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि संसदेने दिलेला निधी ती देशातल्या दीड हजारांवर रेडिओ-दूरचित्रवाणी केंद्रांना वाटत असे. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकी संसदेने तिला पुढच्या दोन वर्षांसाठी मंजूर झालेले १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी संस्थेने आपला गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतली केंद्रे वर्गणीवर कशीबशी तगतील. आडगावांतल्या केंद्रांचे उत्पन्न या निधीवर फार अवलंबून होते, आणि तिथे वर्गणी देऊ शकणारी माणसे थोडी आहेत. तिथल्या एखाद्या पोराने आज दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून ठेवले असेल, तर ते ऐकून त्याला पैसे देईल असे कोणी आता मला दिसत नाही.