कमाटीबागेतला जानेवारी

बडोद्यात सूर्य घड्याळाच्या मानाने उशिरा उगवतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची आणि आपलं शहर ७३.२ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर सूर्य आपल्याकडे सदतीस मिनिटं मागून येतो. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्याही पुढे जातो. घरात लहान मुलं असताना ज्याला पहाटेचा उजेड कॅमेऱ्यात धरायचा आहे, त्याच्यासाठी ही सदतीस मिनिटं लाखमोलाची आहेत. सहाला मुलांना उठवलं, दूध पाजलं, स्वेटर-कानटोपी चढवली, धाकटीचा हरवलेला मोजा शोधला, तरी सूर्याच्या आधी कमाटीबागेत पोचता येतं. जूनमध्ये हे गणित बसत नाही. तेव्हा सूर्य सहाच्या आत वर आलेला असतो.

मुलं होण्याआधी माझी लँडस्केप फोटोग्राफी बडोद्याबाहेर होती. पावागड, चांपानेर, जांबुघोड्याचं जंगल. मध्यरात्री निघायचं, अंधारात गड चढायचा, थंडीत ट्रायपॉडशेजारी बसून राहायचं. आता थोरला सात वर्षांचा आहे, धाकटी साडेतीनची. रात्रीची लांबची वाट काही वर्षं तरी बंद आहे आणि त्याची मला हळहळ नाही. कारण मधल्या काळात कमाटीबागेने मला जे दिलं, ते पावागडाला जाऊन-येऊन मिळालं नसतं. एकाच जागी सगळ्या ऋतूंत जात राहिलं की कुठल्या महिन्यात कुठल्या फांदीखालून ऊन आत येतं, हे ठाऊक होतं. पावागडावर मी उजेडाची वाट बघायचे. इथे उजेड कुठे पडणार ते आधीच माहीत असतं आणि मी तिथे मुलांना घेऊन हजर राहते. लहान मुलांना वाट बघायला लावता येत नाही, म्हणून हे ज्ञान फार कामाचं.

त्या रविवारी दांडिया बाजारातून आम्ही चौघं निघालो तेव्हा रस्त्यावर दूधवाले आणि पेपरवालेच होते. कोठीवरून वळून कीर्तिमंदिराजवळून पुढे गेलं की विश्वामित्रीवरचा पूल लागतो. पुलावर आलो आणि धाकटी ओरडली, "नदी नाहीये!" खरंच नव्हती. दोन्ही काठ दिसत होते आणि मधे नुसतं पांढरं. नवऱ्याने स्कूटरचा वेग कमी केला, मी मागच्या सीटवरून बघितलं आणि मनातल्या मनात आधी ठरवलेला पहिला फोटो रद्द केला. संग्रहालयाच्या बाजूला जायचं होतं. आता आधी नदीकाठ. काळ्या घोड्याच्या पुतळ्याला वळसा घालून बागेच्या फाटकाशी उतरलो.

ही बाग १८७९ची. त्या वर्षी सयाजीराव महाराज सोळा वर्षांचे होते आणि राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत होते. शंभराहून जास्त एकरांची बाग शहराच्या मधोमध, शेजारून नदी वाहणारी. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने तिचं मोठेपण तिच्या वयात आहे. दीडशेच्या घरात आलेल्या बागेतली जुनी झाडं वरती एकमेकांत मिसळलेली असतात आणि उन्हाला खाली यायला मोजक्याच वाटा उरतात. नव्या बागांमध्ये सगळीकडे सारखंच ऊन पडतं. तिथे स्वच्छता असते, रंगीत फुलं असतात, पण कॅमेऱ्याला हवी असलेली सावली नसते.

"आई, धुकं कुठून आलं?" थोरल्याने विचारलं. मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण त्याचं उत्तर कळलं की फोटो कधी काढायला निघायचं हेही कळतं. रात्री आकाश मोकळं असलं की जमीन भराभर निवते. तिच्या लगतची हवा गार होते. नदी आणि आदल्या संध्याकाळी पाणी घातलेली हिरवळ ओल पुरवतात. वारा पडलेला असला की ही गार, ओली हवा सखल भागात साचून राहते. म्हणजे आदल्या रात्री चांदण्या स्वच्छ दिसल्या आणि झाडाचं पान हललं नाही, तर बॅग भरून ठेवायची. थोरल्याने हे ऐकलं आणि म्हणाला, "मग काल रात्री तू गच्चीत म्हणूनच गेली होतीस!" म्हणूनच गेले होते.

धुक्यात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. समोरचं सगळं पांढरं बघून तो चित्र अंधारतो आणि धुक्याचा रंग मळकट करडा येतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवलं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) की धुकं धुक्यासारखं दिसतं. मात्र सूर्य झाडांवर आला की लगेच ते खाली आणायचं, नाहीतर किरणांच्या जागी पांढरा डाग उरतो.

सूर्य नदीच्या पलीकडून, पूर्वेकडून वर आला. काठापासून थोडं आत पारंब्यांचं एक वडाचं झाड आहे, तिथे मी ट्रायपॉड लावला. ट्रायपॉड छोटा आहे. पाय पूर्ण न लांबवता तो तीन फुटांवर येतो, म्हणजे जवळपास धाकटीच्या डोळ्यांच्या उंचीवर. मी आता बहुतेक फोटो ह्याच उंचीवरून काढते. उभ्या माणसाच्या डोळ्यांतून पारंब्या झाडाचा एक भाग वाटतात. तीन फुटांवरून त्या जमिनीतून वर निघालेल्या दिसतात आणि खोड मागे सरकतं. पाऊलवाटेच्या कडेची दवाने वाकलेली गवताची पाती चौकटीत खालून येतात. रुंद लेन्स, एफ-११ म्हणजे लेन्सचं छिद्र लहान, आणि फोकस अंदाजे पाच-सहा फुटांवर, म्हणजे पुढचं गवत आणि मागची नदी दोन्ही नीट येतात.

त्या उंचीवर वाकून बघत असताना पारंब्यांमधून पहिली तिरीप आली. एका पारंबीच्या टोकाशी पाण्याचा थेंब अडकलेला होता. टोकाला कोवळा पिवळसर भाग असतो, तिथे. तिरीप त्याच्यावर आली तेव्हा थेंबाच्या आत नदीचा काठ उलटा दिसत होता. धाकटीने बोट पुढे केलं. मी थांबवलं नाही. तिने थेंब काढला, चाखला आणि "गार" एवढंच म्हणाली. थेंबाचा फोटो झाला नाही. तिच्या बोटाचा झाला. पारंबीच्या टोकावरचं ते बोट आणि मागे विरघळलेला सोनेरी रंग. ते चित्र माझ्या निवडलेल्या चित्रांत आहे.

माझ्या चौकटीत माणूस नको, असा पूर्वी माझा आग्रह असायचा. रिकामा डोंगर, रिकामं तळं. आता वाटतं की झाड केवढं आहे हे सांगायला एखादं लहान मूल झाडाखाली लागतंच. थोरला वडाच्या बुंध्याशी पाठ करून उभा राहतो तेव्हा वडाची उंची एका नजरेत कळते. मुलांचे चेहरे मी अशा चित्रांत घेत नाही. पाठमोरी मुलं पुरतात, आणि ती मोठी झाल्यावर त्यांची परवानगी मागायचा प्रश्नही मागे राहत नाही.

मुलं बागेत काय करतात, हे बरेच जण विचारतात. मोबाईल हातात द्यायचा नाही, हे आमचं ठरलेलं आहे. मी त्यांना फोटोतलंच काम देते. थोरल्याकडे शटरची रिमोट वायर. धाकटीकडे मोजणी. नदीचा एक फोटो मी दहा स्टॉपचा काळा फिल्टर लावून काढला. हा फिल्टर उजेड जवळजवळ हजारपट कमी करतो, त्यामुळे एक-तीसांश सेकंदाचं एक्स्पोजर अर्ध्या मिनिटाच्या वर जातं. तेवढ्या वेळात पाण्यावरून सरकणारं धुकं आणि वाहत आलेली जलपर्णी एकमेकांत पुसली जाते, काठ मात्र ठाम राहतो. "दाब!" म्हटलं की थोरला दाबतो आणि धाकटी तीसपर्यंत मोजते. चौदानंतर ती एकदम सतरावर गेली, मग अठरा, मग पुन्हा पंधरा. थोरला तिला दुरुस्त करायला गेला आणि वायर ओढली गेली. ट्रायपॉड किंचित हलला. त्या फोटोत पलीकडच्या काठावरची झाडं दुहेरी आली आहेत आणि मला ती तशीच सुंदर वाटतात. दुसऱ्या खेपेला तिने तीसपर्यंत बरोबर मोजलं. बाजूने फेऱ्या मारणाऱ्या एका आजोबांनी थांबून टाळ्या वाजवल्या.

नदी सुंदर आहे म्हणून तिच्यातलं प्लॅस्टिक मी चित्रातून पुसत नाही. काठाच्या झुडपांना पिशव्या अडकलेल्या होत्या, निळ्या आणि काळ्या. धुक्याच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात त्या दिसतात. संगणकावर दोन मिनिटांत काढता येतील. पण ही पावागडच्या डोंगरातून निघून शहर ओलांडत जाणारी विश्वामित्री आहे, आणि २०२४च्या ऑगस्टात हिचंच पाणी शहरभर शिरलं होतं, मगरी रस्त्यांवर आल्या होत्या. थोरल्याला त्या दिवसांची आठवण पक्की आहे. काठाशी उभं राहून त्याने विचारलं, "पाणी परत येईल का गं?" मी त्याला खोटं सांगितलं नाही. पाऊस जोरात झाला आणि नदीला तिची जागा मिळाली नाही तर येईल, असं सांगितलं. त्याने पिशव्यांकडे बघितलं. मग बराच वेळ काही बोलला नाही.

नऊ वाजून गेले, धुकं विरलं, आणि ऊन कडक व्हायला लागलं. फोटोवाल्यांची ही परतायची वेळ. आमची मात्र मगरींची वेळ. थंड रक्ताच्या प्राण्याला रात्रीची थंडी बाहेर काढायला ऊन लागतं, त्यामुळे थंडीच्या दिवसांत उन्हं चढली की मगरी काठावर येऊन पसरतात. पुलाच्या कठड्यापाशी चहावाला उभा होता. त्याने थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "बेन, मगर बहार आव्यो छे, छोकरांओने बतावो." समोरच्या चिखलात एक लांब काळपट ओंडका. ओंडक्याने तोंड उघडलं. धाकटी माझ्या ओढणीत शिरली आणि तिथूनच एका डोळ्याने बघत राहिली. मोठी लेन्स लावून मी फोटो घेतला, पण मगर मोठी न करता. खाली चिखलावर मगर, वरती पूल, पुलावरून शाळेची रिकामी बस. बडोदं ह्यातच आहे: मगर आणि बस दोन्ही एकाच चौकटीत.

पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा सेव-उसळ खाल्ली. वाटाण्याची उसळ, वरून तर्री, शेव, कांद्याची पात आणि पाव. मुलांना नुसती शेव आणि पाव.

मग संग्रहालय उघडल्यावर आत गेलो. ही इमारत १८९४ची, वास्तुरचना आर. एफ. चिशोम यांची. तिच्या शेजारचं कलादालन १९१४मध्ये बांधून झालं, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून चित्रं यायला उशीर झाला आणि ते १९२१मध्ये उघडलं. मुलांना यातलं काही नको असतं. त्यांना हवा असतो निळ्या देवमाशाचा सांगाडा. १९४४मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेला हा देवमासा. थोरला त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत गेला, धाकटी मागून मोजत गेली, आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत. मी कलादालनात थोडा वेळ थांबले. जुन्या युरोपीय निसर्गचित्रांत आकाशाला केवढी जागा दिलेली असते ते बघत. माझ्या फोटोंत आकाश नेहमी कमी पडतं, झाडं ते खाऊन टाकतात. कमाटीबागेत आकाश हवं असेल तर हिरवळीच्या मोठ्या तुकड्यावर जायला हवं, पुष्पघड्याळाच्या बाजूला. ह्या घड्याळाची यंत्रं जमिनीखाली आहेत, त्यामुळे काटे फुलांमधूनच फिरताना दिसतात. थोरल्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला की आपल्याला घरी जायला उशीर झालाय. तो खरोखर दमला होता.

त्या सकाळचे फोटो मी आठवडाभर उघडले नाहीत. मुलं झोपल्यावर एकेक बघते. मोठ्या आकारात छापायला एकच पाठवला: वड, पारंब्या, आणि बुंध्याशी पाठमोरा थोरला. सासूबाईंनी तो भिंतीवर लागलेला बघितला आणि म्हणाल्या, "मी त्या बागेत लग्न झाल्यापासून जाते गं. हा वड एवढा मोठा आहे हे आज बघितलं." मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि विचारलं, "आणि ह्याचा स्वेटर उलटा का घातलाय?"

ज्यांना मुलांसोबत जायचं आहे त्यांच्यासाठी थोडंसं. डिसेंबर आणि जानेवारीत सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधी काळ्या घोड्याजवळच्या फाटकाशी पोचा. सुट्टीच्या दिवशी नऊनंतर गर्दी वाढते. एकच लेन्स पुरते, दोन बदलण्याच्या भानगडीत मुलं हातातून निसटतात. पावसाळ्यात पोलरायझर फिल्टर जवळ ठेवा. ओल्या पानांवरची चकाकी तो काढतो आणि हिरवा रंग खरा दिसतो. सूर्य खांद्याच्या बाजूला असेल तेव्हा आकाशावर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त. पण उजेड दीड-दोन स्टॉपनी कमी होतो, म्हणून दाट झाडीत ट्रायपॉडशिवाय लावू नका. काठाजवळ मुलांचा हात सोडू नका, मगरी खऱ्या आहेत.

आम्ही फेब्रुवारीत संध्याकाळी जाणार आहोत. सूर्यास्त तेव्हा साडेसहाच्या सुमाराला असतो, शाळा सुटून खेळून झालेलं असतं, आणि मावळतीच्या उन्हात पारंब्या उलट्या बाजूने उजळतात. गृहपाठ आधी उरकायचा, ही अट थोरल्याने मान्य केली आहे. धाकटी चाळीसपर्यंत मोजायला शिकते आहे, कारण मी तिला सांगितलंय की संध्याकाळी एक्स्पोजर लांबतं.