नोटेवरचं बेट

भाच्याने परवा उपग्रहातून काढलेला एक फोटो पाठवला. तपकिरी डोंगरांमध्ये लांबट निळा पट्टा, रंगपेटीतली वडी ओली करून फासल्यासारखा. खाली प्रश्न: 'मामा, हा रंग खोटा ना?'

खरा आहे रे. हे न्यूझीलंडमधलं पुकाकी सरोवर, क्राइस्टचर्चहून गाडीने तीन-साडेतीन तासांवर. दरवर्षी जातो आणि दरवर्षी क्षणभर वाटतं, कुणीतरी पाण्यात नीळ कालवलीय. करामत दगडाच्या पिठाची. आओराकीच्या, म्हणजे माउंट कुकच्या कुशीतल्या टास्मन आणि हूकर या हिमनद्या सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळतात. पीठ इतकं मऊ की लवकर तळाला बसत नाही. तरंगत राहतं आणि उन्हातला निळा-हिरवा रंग उधळतं. पीठ फार झालं की मात्र पाणी नुसतं राखाडी. टास्मनच्या पायथ्याचं तळं तसंच आहे, भांडी विसळल्यासारखं. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात याच तळ्यात हिमनदीचा सुमारे तीन कोटी टन बर्फ कोसळला. भूकंप क्राइस्टचर्चचा, बर्फ पडला तिकडे डोंगरात! आम्हा कोयनेकरांना १९६७ नंतर भूकंपाचं फारसं अप्रूप नाही, पण हे ऐकून मीही गप्प झालो.

आता माझं खरं दुखणं. इथे जो तो पुकाकीला 'माणसाचा हात न लागलेला निसर्ग' म्हणतो. अहो, हात न लागलेला कसला! धरण आहे त्यावर. विजेसाठी पातळी दोनदा चढवली, १९४० च्या दशकात ९ मीटर आणि १९७० च्या दशकात आणखी ३७. इथल्या जुन्या पाच पौंडांच्या नोटेवर ज्या बेटाचं चित्र होतं, ते बेटच बुडालं. नोटेवरचं बेट! शेजारच्या तेकापो सरोवराचं पाणी कालव्याने इथे येतं, इथलं कालव्याने पुढच्या वीजघराकडे जातं. मग आपल्या कोयना धरणाच्या शिवसागराचं याहून वेगळं काय? पण त्याचं नाव निघालं की 'धरणाचं पाणी', आणि याच्यासमोर मात्र लग्नाचे फोटो. शेजाऱ्याला हे मी अर्धा तास समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बिअर पुढे केली.

तसं पाहिलं तर पुकाकी आधीपासून सरोवरच होतं, धरणाने ते फुगवलं. कोयनेत आधी नदी होती आणि काठाला गावं. आईचं माहेर त्यात गेलं. (हे शेजाऱ्याला सांगायचं राहिलं.)

आई इथे आली तेव्हा तिला पुकाकीला नेलं होतं. रंगाबद्दल ती काही बोलली नाही. 'खाली कुणाची घरं होती का रे?' एवढंच विचारलं. मी बेटाचं सांगितलं.

'बेटच ना,' म्हणाली, आणि डब्यातल्या दशम्या काढल्या.